हरणारीवरची नजर काढू नका

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी बुल नाकानो आणि आजा काँग यांच्या १९९० सालच्या पिंजऱ्यातल्या लढतीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी ती लढत शोधून पाहिली, काहींनी न पाहताच मला झोडपलं. म्हणून या महिन्याचं सदर जपानी बायकांच्या जुन्या व्यावसायिक कुस्तीला दिलंय. मालिका आणि सिनेमांबद्दल विचारणाऱ्यांनी जरा दम धरावा.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून मी शोधायला बसलो आणि गरगरलो. शेकडो लढती, सगळी नावं अनोळखी. मित्र म्हणतो, १९९४ च्या टोकियो डोमपासून सुरुवात कर. करू का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

टोकियो डोमपासून मुळीच नको. २० नोव्हेंबर १९९४ चा तो 'बिग एग' कार्यक्रम दुपारी सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. वीसहून जास्त लढती, ४२,५०० प्रेक्षक हा आयोजकांनी जाहीर केलेला आकडा, आणि घरी जाणाऱ्यांच्या शेवटच्या गाड्या चुकल्या त्या वेगळ्याच. कोण कोणावर का चिडली आहे याचा पत्ता नसताना तू तिथे दहा तास बसलास, तर पुन्हा या वाटेला फिरकणार नाहीस.

तू ओसाकापासून सुरू कर. २८ ऑगस्ट १९८५, ओसाका-जो हॉल. चिगुसा नागायो विरुद्ध डम्प मात्सुमोतो. अट अशी, की हरेल तिचं रिंगमध्येच मुंडण.

त्याआधी थोडी ओळख करून घे. चिगुसा आणि लायनेस आसुका यांची जोडी म्हणजे 'क्रश गॅल्स'. ही जोडी १९८३ मध्ये जमली. फुजी टीव्हीवर त्यांच्या लढती लागायच्या, गाण्यांच्या रेकॉर्ड निघायच्या, आणि त्या स्वतः रिंगमध्ये उभ्या राहून माइक धरून गायच्या. प्रेक्षक कोण, तर शाळकरी मुली. पुरुषांची कुस्ती बघणारा सिगारेटवाला काकावर्ग इथे शोधून सापडायचा नाही. गळ्यात आवडतीच्या नावाची पट्टी, हातात रंगीत कागदी फितींची भेंडोळी. नाव पुकारलं रे पुकारलं की ती भेंडोळी चारी बाजूंनी रिंगवर यायची, आणि लढत सुरू होण्याआधी नवशिक्या पोरींना तो पसारा मिठीत भरून बाहेर न्यावा लागायचा.

समोर डम्प. वजनदार बाई, तोंडाला रंग, अंगावर चामडं आणि साखळ्या, हातात बांबूची तलवार, आणि कुठेतरी लपवलेला जेवणाचा काटा. काटा कशासाठी, ते चिगुसाच्या कपाळाकडे बघितलं की कळतं. त्यात शिरो आबे नावाचे पंच उघड उघड डम्पच्या टोळीला सामील. चिगुसाने खांदे टेकवले की यांची मोजणी बैलगाडीने यायची, डम्पने टेकवले की एक्स्प्रेसने. मुली त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. आणि गंमत म्हणजे चिगुसा, आसुका आणि डम्प या तिघी १९८० च्या एकाच तुकडीतल्या. दोघींच्या वाट्याला गाणी आली, तिसरीच्या वाट्याला शिव्या.

त्या रात्री चिगुसा हरते. आधीच सांगून मी मजा घालवली असं समजू नकोस, निकाल गेली चाळीस वर्षं जगजाहीर आहे. खरी लढत निकालानंतर सुरू होते. कपाळ फुटून चेहरा रक्ताने माखलेला, तशीच तिला रिंगच्या मधोमध बसवलेली, डोक्यावरून मशीन फिरतंय, डम्प नाचतेय. या वेळी डोळे मिटून फक्त आवाज ऐक. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. हजारो मुलींचा नुसता हंबरडा. वीस वर्षांच्या चिगुसाने तो सगळा वेळ चेहरा कसा ठेवलाय ते मग पुन्हा बघ.

या लढतींबद्दल माझं जे काही मत आहे ते इथूनच सुरू होतं. झेन्जोच्या (म्हणजे ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंगच्या, मात्सुनागा भावांनी १९६८ मध्ये काढलेली कंपनी, जपानी लोक तिला झेन्जोच म्हणतात) जुन्या लढती हरणारीसाठी बघायच्या असतात. पट्टा जिंकणारीला मिळतो, पण कॅमेरा हरणारीकडे वळतो. क्रश गॅल्सच्या आधीची जोडी म्हणजे 'ब्यूटी पेअर', जॅकी सातो आणि माकी उएदा. १९७६ पासून दोघींनी मिळून अख्ख्या देशातल्या पोरींना वेड लावलं, आणि २७ फेब्रुवारी १९७९ ला कंपनीने टोकियोच्या बुदोकान हॉलमध्ये त्याच दोघींना समोरासमोर उभं केलं. हरेल तिने कुस्ती सोडायची. उएदा हरली आणि गेली. हा धंदा असा होता.

ओसाका बघून झालं की ७ नोव्हेंबर १९८६ ची परतफेडही बघ. तोच हॉल, तीच अट. या वेळी डम्पचं मुंडण होतं. सगळे म्हणतात हिशेब चुकता झाला. मला मात्र पहिलीच लढत मोठी वाटते.

प्रश्न : मी तालमीत वाढलेला माणूस. खासबागेत कुस्त्या बघितल्यात, थोड्या केल्यातही. तुम्ही ज्याचं कौतुक करता ती सरळ सरळ नुरा कुस्ती आहे. ठरवून केलेल्या कुस्तीत बघायचं काय? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

काका, निकाल आधी ठरलेला असतो हे मान्य. त्यावर मी वाद घालणार नाही. पण बघायचं काय असं विचारलंत, म्हणून तुमच्या डोळ्यांना दिसेल असंच सांगते.

एखाद्या कार्यक्रमातली पहिली लढत लावा, नवशिक्या मुलींची. साधे काळे किंवा निळे पोहण्याचे पोशाख, डावही मोजके. एक मुलगी पाठीवर पडते, दुसरी तिच्या छातीवर सगळा भार टाकते, पंच मोजायला लागतात. खालची टाळू आणि तळपाय जमिनीत रोवते आणि दोघींच्या वजनासकट कमान उचलते. वरची पुन्हा उडी मारून भार टाकते, ही पुन्हा कमान करते. पुन्हा, पुन्हा. सतरा-अठरा वर्षांच्या मुली. अशी मान किती महिन्यांच्या मेहनतीने तयार होते, ते मी तुम्हाला काय सांगणार?

आता दुसरी गोष्ट, जी ऐकून तुम्ही खुर्चीत सावरून बसाल. या नवशिक्या मुलींच्या कित्येक लढतींत निकाल ठरलेलाच नसायचा. काही वेळ ठरल्याप्रमाणे डाव-प्रतिडाव व्हायचे, आणि मग इशारा झाला की खरी झटापट. जिने समोरचीचे खांदे तीन मोजेपर्यंत खरोखर टेकवून धरले, ती जिंकली. त्या काळच्या कुस्तीगीरांनी पुढे मुलाखतींतून हे मोकळेपणाने सांगितलंय. मालक मंडळी त्यावर आपापसांत पैजा लावायची, हेही सांगितलंय. बाहेर प्रेक्षकाला पत्ता नाही. चितपट म्हणजे काय हे जन्मभर बघितलेला माणूस ती जागा बरोबर ओळखेल: पकड एकदम कुरूप होते, देखणेपणा संपतो, कोपरं फाकतात. एवढ्यासाठी तरी तुम्ही पाच-सहा जुन्या लढती बघाच, आणि कुठे बदल झाला ते मला लिहून कळवा. मला अजून दर वेळी ओळखू येत नाही.

तिसरी गोष्ट झेन्जोची आकिरा होकुतो. २ एप्रिल १९९३, योकोहामा अरीना. समोर शिनोबु कांदोरी. ही बाई तुमच्या पठडीतली. मूळची ज्युदोवाली, १९८४ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक, आणि प्रतिस्पर्धी कंपनीची. म्हणजे एकीकडे खरी लढवय्यी आणि दुसरीकडे, तुमच्या भाषेत, नुरावाली. गंमत अशी की लढत नेमकी याच प्रश्नावर बेतलीय. होकुतो सुरुवातीलाच कांदोरीच्या जबड्यावर ठोसा ठेवून देते, ती खाली बसते, आणि होकुतो माइक घेऊन तिला टोमणे मारते. मग कांदोरीच्या हाती होकुतोचा हात लागतो. ज्युदोवालीच्या हाती कोपर लागलं की काय होतं ते तुम्ही जाणताच. होकुतो रिंगबाहेर लोळतेय, खांदा निखळल्यासारखा लोंबतोय, तिच्या कोपऱ्यातल्या मुली घाबऱ्या झाल्यात. पुढे टेबलावर डोकं आपटतं आणि तिचे फिकट रंगवलेले केस लाल होतात. अर्ध्या तासाच्या शेवटी दोघींमध्ये डाव असे उरतच नाहीत. दोघी एकमेकींना ठोसे मारतात, दोघी कोसळतात, आणि होकुतो कशीबशी कांदोरीच्या अंगावर पडून तीन मोजून घेते. त्या रात्री कांदोरी हरली, पण नजर तिच्यावरून हलत नाही. ज्युदोत कमावलेलं सगळं अंगात असताना तीन मोजेपर्यंत खांदा उचलता आला नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं असतं. डिसेंबरमध्ये टोकियोतल्या र्‍योगोकूला तिने उट्टं काढलं. पुढे ही कांदोरी जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेली, ते असो.

आणि ही होकुतो कोण? १९८७ मध्ये, ती अजून हिसाको उनो या मूळ नावाने खेळत असताना, एका जोडीच्या लढतीत तिला दुसऱ्या दोरीवरून डोक्यावर उलटं आपटलं आणि मान मोडली. तीन फेऱ्यांची लढत होती. उरलेला खेळ तिने स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी सांभाळून धरत पूर्ण केला. निकाल ठरलेला होता काका. मान ठरलेली नव्हती.

प्रश्न : लहानपणी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये एक जपानी बाई दिसायची, निळे केस सरळ उभे. बुल नाकानो ती हीच का? (बँक कर्मचारी, ठाणे)

हीच. अमेरिकेत ती अलुंड्रा ब्लेझशी लढायला गेली आणि १९९४ मध्ये टोकियो डोममध्ये तिच्याकडून डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिलांचा पट्टा हिसकावला. २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पण तुम्ही जे पाहिलंत ती उतरती बाजू, खरी नाकानो चार वर्षं आधीची.

१४ नोव्हेंबर १९९०, योकोहामा बुन्का जिम्नॅशियम. रिंगभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा. बाहेर पडेल ती जिंकली. नाकानो तेव्हा २२ वर्षांची, आजा काँग २० ची. दोघी आधी एकाच टोळीत होत्या, मग आजा फुटून निघाली. कात्री काय, साखळी काय, जे हाताला येईल ते वापरून दोघी एकमेकींना फाडतात. शेवटी आजा रिंगमध्ये आडवी असते, दार मोकळं असतं. नाकानोने सरळ चालत बाहेर पडावं. ती तसं करत नाही. जाळी चढते, पार वरच्या कडेपर्यंत जाते, तिथे तोल सावरत उभी राहते, आणि दोन्ही हात जोडते. मग उडी. तिची मांडी आजाच्या गळ्यावर येते.

त्या जोडलेल्या हातांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. मी म्हणेन त्याच्या पुढचं बघा. नाकानो निघून जाते आणि कॅमेरा आजावर येतो. रडतही नाही, उठतही नाही. पुढे दोन वर्षं ही बाई नाकानोच्या मागे लागली होती आणि १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये कावासाकीत तिने झेन्जोचा सर्वोच्च, लाल पट्टा मिळवला. त्या दोन वर्षांचं इंधन या एका मिनिटात भरलंय.

प्रश्न : तुमच्या लेखामुळे माझी तेरा वर्षांची मुलगी डम्प आणि चिगुसाच्या मागे लागली आहे. रक्त, काटे, मुंडण! मी बंद करू का? अगदी स्पष्ट सांगा. (गृहिणी, पुणे)

स्पष्ट सांगते, बंद करू नका. पण एकटीला बघू देऊ नका, शेजारी बसा.

सहस्रक बदललं त्या सुमारास मी कावासाकीत एका कारखान्याच्या ऑफिसात दुभाषी होते. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई ओसाकाची. अत्यंत शिस्तीची, फायलींच्या कडाही पट्टीने जुळवणारी. एकदा जेवणाच्या सुट्टीत चिगुसाचा विषय निघाला आणि तिने डबा बाजूला ठेवला. १९८५ ला ती आठवीत होती. त्यानंतर शाळेत कोणीच कोणाशी बोललं नाही म्हणे. वर्गातल्या एका मुलीने घरी जाऊन आपलेही केस कापून घेतले. मी विचारलं, "आईने बघू कसं दिलं?" ती म्हणाली, "आई बाहेर स्वयंपाकघरात होती. तीसुद्धा रडत होती."

म्हणजे हा खेळ मुळात तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलींसाठीच उभा केला होता. त्यांना घरी-शाळेत मोठ्याने ओरडायची, रागावायची, हरलेल्या मैत्रिणीसाठी चारचौघांत रडायची मुभा नव्हती. ती इथे मिळाली.

रक्तापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टींची चीड येते, आणि त्या मुलीला जरूर सांगा. झेन्जोत दारू, सिगारेट आणि पुरुष या तीन गोष्टींना बंदी होती. पंचविशी आली की निवृत्त व्हायचं, असा अलिखित दंडक. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून आलेली पोर, वर्षाला शेकडो लढती, बसने गावोगाव हिंडायचं, लढत नसेल तेव्हा दाराशी उभं राहून माल विकायचा, आणि अंगात रग असतानाच घरी जायचं. चिगुसा १९८९ मध्ये योकोहामा अरीनात निवृत्त झाली तेव्हा २४ वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात मुलं पहिल्या नोकरीच्या मुलाखती देत असतात. डम्पचं तर विचारूच नका. खलनायिका म्हणून ती इतकी पटली की खऱ्या आयुष्यातही लोक तिला छळायचे.

आजा काँगची गोष्टही सांगा. आई जपानी, वडील अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय. शाळेत टोमणे खात वाढलेली. टीव्हीवर चिगुसाला बघून ती म्हणाली, मलाही असंच व्हायचंय. झेन्जोत आली आणि तिला टाकलं कुठे, तर डम्पच्या टोळीत. चिगुसा व्हायला आलेल्या मुलीला त्यांनी राक्षसीण केलं, आणि ती अशी जबरदस्त राक्षसीण झाली की आज चाळीस वर्षांनीही तिचं नाव निघतं. तुमच्या लेकीला हे आवडेल असं मला वाटतं. या वयात मुलींना रक्तापेक्षा असल्या गोष्टी जास्त लागतात.

प्रश्न : सगळीकडे मानामी तोयोताचे गोडवे. मी चार लढती पाहिल्या. नुसती धावपळ, उड्या आणि किंचाळणं. पाय दुखावला म्हणून दहा मिनिटं लंगडते आणि मग हरणासारखी पळते. माझं काही चुकतंय का? (वकील, नागपूर)

वकीलसाहेब, अर्धा दावा मान्य. पायाचा मुद्दा तर अगदी बिनतोड आहे, आणि तो मांडणारे तुम्ही पहिले नाही. तोयोताला दुखणं टिकवून दाखवायचा कंटाळा होता. अमेरिकेतले कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांनी तिच्या लढतींवर पाच-पाच ताऱ्यांचा पाऊस पाडला, म्हणून लोक ताऱ्यांची यादी काढून ओळीने बघत सुटतात आणि चौथ्या लढतीला थकतात. तुमचं तेच झालेलं दिसतं.

एकेकटीच्या लढती तूर्त बाजूला ठेवा आणि जोडीच्या बघा. तोयोता आणि तोशियो यामादा विरुद्ध डायनामाइट कान्साई आणि मायुमी ओझाकी. २६ नोव्हेंबर १९९२ कावासाकी, मग ११ एप्रिल १९९३ ओसाका, आणि मग त्याच वर्षी ६ डिसेंबरला र्‍योगोकू. कान्साई-ओझाकी दुसऱ्या कंपनीच्या, जेडब्ल्यूपीच्या. कान्साईच्या लाथांना वजन आहे आणि ओझाकीला कावा आहे. त्या दोघी तोयोताला उधळू देत नाहीत. बांध घातला की पाणी कसं चढतं ते तिथे दिसतं.

आणि १५ ऑगस्ट १९९२, कोराकुएन हॉल. तोयोता विरुद्ध यामादा, म्हणजे वर सांगितलेल्या जोडीतल्याच दोघी, केसांवर पैज. तोयोता जिंकते, आणि हे असं तुम्हाला दुसरीकडे कुठे सापडायचं नाही: जिंकलेली बाई कोसळून रडायला लागते. यामादाचे केस कापायला आलेल्यांच्या अंगावर धावून जाते. कात्री हिसकावून स्वतःचे लांब केस कापायला बघते. तिला चार जणींना धरावं लागतं, आणि यामादाच तिची समजूत घालते, मग शांतपणे बसून केस उतरवू देते. लंगडणाऱ्या पायाचा हिशेब मी त्या रात्रीपुरता माफ केलाय. तुम्ही करा न करा.

क्योको इनोउएशी ७ मे १९९५ ला झालेली साठ मिनिटांची, बरोबरीत सुटलेली लढत मात्र तुम्ही बघू नका. मला ती फार आवडते. तुम्ही विसाव्या मिनिटाला मला नोटीस पाठवाल.

प्रश्न : जपानी समजत नाही. समालोचन कळल्याशिवाय बघण्यात अर्थ आहे का? (औरंगाबाद)

आहे. टीव्हीवरचा आवाज बंद मात्र करू नका. समालोचक काय म्हणतो ते सोडा, कोणाच्या नावाने पोरी किंचाळताहेत ते ऐका. दोन लढतींत तुम्हाला नायिका कोण, खलनायिका कोण, आणि आता कोणाची वेळ भरली ते समालोचकाच्या आधी कळेल.

प्रश्न : इतकं लोकप्रिय होतं तर बुडालं कसं? (प्राध्यापिका, बेळगाव)

एका कारणाने नाही. पंचविशीचा दंडक नाकानो, होकुतो, तोयोता यांच्या पिढीने मोडला, त्यामुळे १९९० नंतरची पाच वर्षं वैभवाची गेली. कंपन्यांनी एकमेकींशी लढती लावल्या, मोठमोठे हॉल भरले. पण सगळ्या मोठ्या जोड्या लढवून झाल्या की पुढे काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. तोवर शाळकरी मुली निघून गेल्या होत्या आणि त्यांच्या खुर्च्यांवर कुस्तीचे दर्दी पुरुष येऊन बसले होते. दर्दी माणूस डाव मोजतो, रडत नाही. त्याला दर वेळी आधीपेक्षा अवघड उडी हवी असते.

त्याची किंमत शरीरांनी मोजली. ऑगस्ट १९९७ मध्ये हिरोशिमातल्या लढतीनंतर जेडब्ल्यूपीची प्लम मारिको गेली. जपानी रिंगमधल्या लढतीमुळे झालेला तो पहिला मृत्यू मानतात. त्याच वर्षी झेन्जोचं दिवाळं निघालं, चांगल्या चांगल्या मुली सोडून गेल्या. तरी कंपनी रडतखडत २००५ पर्यंत चालली. चिगुसाने निवृत्तीतून परत येऊन काढलेली गाएआ जपान ही कंपनीही त्याच वर्षी बंद झाली.

गाएआचा एक कार्यक्रम मी कोराकुएन हॉलमध्ये पाहिला होता. टोकियो डोमच्या शेजारची निळसर इमारत, पाचवा मजला, जिन्याच्या भिंती चाहत्यांच्या नावांनी नि शिव्यांनी खरडलेल्या. वर दोन हजारांच्या आतला छोटासा हॉल, कुठेही बसा, रिंग हाताच्या अंतरावर. आजा काँग तिचा लाडका पत्र्याचा डबा घेऊन आली, आपल्याकडे तेलाचा पंधरा किलोचा असतो ना, डिट्टो तसा. टीव्हीवर तो डबा डोक्यात बसला की लोक हसतात. तिथे मी तिसऱ्या रांगेत होते. पहिल्या फटक्याला पत्रा आत गेला आणि त्या आवाजाने माझ्या शेजारचा टाय लावलेला गृहस्थ नकळत माझ्या खांद्यामागे दडला. मग दिलगिरी म्हणून त्याने मला आपल्याजवळचे सुके मासे दिले.

प्रश्न : रविवारी सासूबाई आणि नवरा दोघांना सोबत बसवून एकच लढत दाखवायची आहे. रक्त नको, लांब नको, इंग्रजी समालोचन असेल तर उत्तम. आहे का काही? (शिक्षिका, सातारा)

आहे, आणि अगदी मापात बसणारी. २४ जानेवारी १९८८, डब्ल्यूडब्ल्यूएफचं पहिलं टीव्हीवरचं रॉयल रम्बल, कॅनडातलं हॅमिल्टन. इत्सुकी यामाझाकी आणि नोरियो तातेनो, म्हणजे झेन्जोतून गेलेल्या 'जंपिंग बॉम्ब एंजल्स', विरुद्ध 'ग्लॅमर गर्ल्स' लेइलानी काई आणि जुडी मार्टिन. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. जेमतेम पंधरा मिनिटांचा खेळ. एंजल्स पहिली फेरी हरतात, पुढच्या दोन जिंकतात आणि पट्टे घेऊन जातात.

त्या काळच्या अमेरिकी प्रेक्षकाला बायकांची कुस्ती म्हणजे केस ओढण्याची मारामारी वाटायची, म्हणून सुरुवातीला हॉल थंड आहे. चौथ्या-पाचव्या मिनिटाला या दोघी उडायला लागतात आणि लोक खुर्चीत पुढे सरकतात, ते सासूबाईंना दाखवा. ग्लॅमर गर्ल्सकडेही लक्ष असू द्या. त्या दोघी अनुभवी आणि मजबूत, एंजल्सच्या सगळ्या उड्या त्यांनीच झेलल्यात, आणि टाळ्या मात्र एकही नाही.

नवऱ्याला आवडलं तर पुढच्या रविवारी पिंजरा लावा. सासूबाईंना आवडलं तर सरळ ओसाका.